पाठीमागची पाकळी

"थांब म्हटलं की थांबायचं!" घड्याळजी बॉनेटखालून करवादले. "तुझी आई माझ्या नुसत्या खाकरण्यावर थांबायची."

"मग खाकरा ना! ओरडताय कशाला?" गाडीपुढे उकिडवी बसलेली लेक इंजिनाचं हँडल फिरवत म्हणाली.

घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं, पण केसाएवढा फरकही आपल्या बोटांना कळतो, हा तोरा काही सुटला नव्हता. त्यांची जुनी गाडी मात्र चालू केली की टकटक करायची. गल्लीच्या तोंडाशी ती टकटक आली की घरात चहाचं आधण चढायचं. ते चढवणारी गेल्या हिवाळ्यात गेली. आता लेक त्यांना आपल्या घरी न्यायला आली होती, आणि तिच्याकडे गाडीला जागा नव्हती. संध्याकाळी दातांचे डॉक्टर गाडी बघायला येणार होते. त्यांची अट एकच, आवाज नको.

इंजिनाचं झाकण काढल्यावर झडपा दाबणारे रॉकर ओळीने उघडे पडले. प्रत्येकाखाली मापाचं एक पातळ पातं जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त झाली की टकटक. घड्याळजींनी एकेका रॉकरची झीज नखाने चाचपली. मग बायकोच्या चष्म्याच्या घरातून पातं काढून फटीत सरकवलं.

"बघ, अगदी बरोबर. ही पण बरोबर."

"सगळंच बरोबर, तर मग ही दात का वाजवते?"

"हल्ली पेट्रोल भिकार मिळतं."

"मी शाळेत होते तेव्हा तेल भिकार होतं. मधे रस्ते भिकार होते. एकदा तर तुम्ही हवेला नावं ठेवलीत."

"तोंड नको चालवू, हँडल चालव."

लेकीने रागाने हिसका दिला. हँडल सटकलं आणि हात कोपरापर्यंत काळा झाला. फडकं आणायला ती तणतणत आत गेली. परत आली ती पाय ओढत. हातात आईचा चिंध्यांचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर गुलाबाचं चित्र असलेला.

"बाबा, हा डबा आई नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवायची."

"मग?"

"झाकण बघा."

झाकणाच्या कडेची एक पट्टी कात्रीने सरळ कापून काढलेली होती. गुलाबाला तिथे पाकळी नव्हती.

"तुमचं पातं जरा उलटं करा."

घड्याळजींनी उलटं केलं. पाठीमागे फिकट गुलाबी पाकळी होती.

डब्यात, चिंधीत गुंडाळलेलं खरं पातं निघालं, मधोमध मोडलेलं.

"झाकण उचकटायला घेतलं असेल तिनं, आणि मोडलं," लेक हळूच म्हणाली.

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला?" लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "एक स्क्रू हरवला तर तुम्ही भरल्या ताटावरून उठायचात, बाबा."

घड्याळजी स्टुलावर बसले. हे स्टूल तिचं. इथेच बसून ती दर खेपेला पातं पदराला पुसून पुढे करायची, पाकळी खाली ठेवून. ते "अगदी बरोबर" म्हणायचे, आणि ती मान डोलवायची. मग गाडी टकटकायची, ते पेट्रोलला शिव्या द्यायचे, आणि ती चहा ठेवायला उठायची.

मग त्यांनी मोडक्या पात्याचा तुकडा फटीत घातला. तो खुळखुळला; पत्रा त्याच्याहून जाड होता. त्यांनी एकेक फट आवळून घेतली, झाकण बसवलं आणि गाडी चालू केली. टकटक साफ गेली होती.

"जमलं की हो!" लेकीने टाळी वाजवली.

घड्याळजींची मान सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळली. आत काहीच हललं नाही. भांडं वाजलं नाही. आता ते आल्याचं कुणाला कळणारच नव्हतं.

त्यांनी गाडी बंद केली. "गार होऊ दे."

"कशाला?"

"फटी गार इंजिनावरच बघतात."

इंजिन गार झाल्यावर लेकीने त्यांच्या हातात पाकळीवाली पत्र्याची पट्टी दिली आणि हँडलपाशी जाऊन बसली. "खाकरा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, डोळे पुसत, "माझ्या अंगणातली पाण्याची टाकी सरकवता येईल तशी."

संध्याकाळी डॉक्टर आले. टकटक ऐकून त्यांनी दुखऱ्या दाताकडे बघावं तसं इंजिनाकडे बघितलं.

"सेटिंग कुणाचं?"

"घरचंच. बायकोचं."

"त्यांना सांगा, फट किंचित जास्त झालीय."

"नाही हो," घड्याळजी बॉनेट हलकेच लावत म्हणाले, "उगीच घाबरेल ती."