डोळे मिटण्याबाबतची सुनावणी

धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, यावर सर्व सुसंस्कृत माणसांचे एकमत आहे. आणि म्हणूनच ती चारचौघांत, कॅमेरे लावून, नीट तपासून घ्यावी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्वच्छ लिहिले आहे की सरकारी पदासाठी कोणाचीही धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. सिनेटची न्यायसमिती हे कलम तंतोतंत पाळते. तिथे परीक्षा होत नाही, फक्त प्रश्न विचारले जातात. (गुण नंतर दिले जातात.)

नेब्रास्कातल्या न्यायाधीश थिया लिंडॉवर यांचे नाव राष्ट्राध्यक्षांनी केंद्राच्या अपील न्यायालयासाठी सुचवले, तेव्हा बाईंना अतोनात आनंद झाला. इतकी वर्षे त्यांनी राज्याच्या कोर्टात गुरेचोर, दारू पिऊन ट्रॅक्टर हाकणारे आणि बापाच्या जमिनीवरून एकमेकांच्या जिवावर उठलेले सख्खे भाऊ यांचे न्यायनिवाडे केले होते. आपले निकाल अपिलात गेले की वरची मंडळी ते न वाचताच फिरवतात, ही त्यांची जुनी तक्रार होती. आपण तसल्या जागी बसलो तर निदान वाचू तरी, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती, पण ती फार तीव्र होती.

बाईंचा धर्म कोणता, हे इथे सांगितलेले नाही. घटनेनुसार ते अप्रस्तुत आहे.

घोळ झाला तो त्यांच्या कोर्टातल्या पट्टेवाल्यामुळे. “बाई देवमाणूस आहेत,” त्याने गावच्या वर्तमानपत्राला भाबडेपणाने सांगितले. “शिक्षा सुनावायच्या आधी दरवेळी खोलीत जातात, डोळे मिटून बसतात, मगच बाहेर येतात.” ही बातमी वॉशिंग्टनला पोचली. एका पक्षाची खात्री पटली, की बाई देवाला विचारून शिक्षा देतात, म्हणून त्या हव्यात. दुसऱ्या पक्षाचीही तीच खात्री पटली, म्हणून त्या नकोत. दोन्ही पक्षांनी निवेदने काढली, की उमेदवाराच्या धर्माशी आम्हाला काडीचेही कर्तव्य नाही. बाईंच्या सगळ्या निकालांची खोकी समितीच्या कचेरीत येऊन पडली होती. त्यांतले एक प्रोजेक्टरखाली बरोब्बर बसले.

बाईंच्या तयारीसाठी डॅबनी प्रूट नावाचे गृहस्थ नेमले गेले. समितीपुढे जाणाऱ्यांना काहीही न बोलण्याचे शिक्षण देणे, हा त्यांचा व्यवसाय. (त्यांच्या आकडेवारीनुसार काहीच न बोललेले उमेदवार शंभर टक्के मंजूर होतात. बोललेल्यांचा आकडा ते कुटुंबीयांच्या भावनांचा विचार करून सांगत नाहीत.)

“मॅडम, रविवारी काय करता?” प्रूट यांनी सरावाचा पहिला प्रश्न टाकला.

“सकाळी उठून आधी...”

“झालं! गेलं पद!” प्रूट ओरडले. “वाराचं नाव काढायचं नाही हो! शुक्रवार म्हणालात की एक गट कान टवकारतो, शनिवार म्हणालात की दुसरा, रविवार म्हणालात की सगळेच.”

“मग मी आठवड्यात जगते तरी कधी?”

“सोमवार ते गुरुवार.”

गळ्यातली साखळी काढून ठेवण्यात आली. दुपारच्या सुट्टीत डुकराचे मांस खाल्ले तरी बातमी, नाही खाल्ले तरी बातमी, मासे मागवले तर मांस वर्ज्य असलेला शुक्रवार तर नाही ना, हे तपासले जाणार. तेव्हा शेवटी केळे मुक्रर झाले. (केळ्याविरुद्ध कोणत्याही पंथाची तक्रार नोंदलेली नाही.) मागे बसणाऱ्या नवऱ्याला, म्हणजे वेंडेलला, सूचना होती की शेजारी कोणी शिंकले तर सवयीप्रमाणे ‘देव तुझं भलं करो’ असे पुटपुटू नये, रुमाल द्यावा. डोळे का मिटता, याचे ठरलेले उत्तर होते, “डोळ्यांना विश्रांती.” नेत्रतज्ज्ञाचा दाखलाही तयार होता.

सुनावणीच्या दिवशी न्याहारी करताना वेंडेलने विचारले, “अगं, पण तू खरंच काय करतेस डोळे मिटून?”

“इतक्या वर्षांनी आज विचारतोयस?”

“मला आपलं वाटायचं, डुलकी काढत असशील.”

सुनावणी सुरू झाली. बाईंनी उजवा हात वर करून, देवाचे साह्य मागून, खरे बोलण्याची शपथ घेतली. (ही शपथ धर्मनिरपेक्ष समजली जाते.)

“बाईसाहेब,” त्यांच्या बाजूचे सिनेटर हॅस्केल गहिवरून म्हणाले, “तुमच्या श्रद्धेबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही. विचारणं पाप आहे. फक्त एवढंच सांगा, डोळे मिटल्यावर समोर कोण दिसतं?”

“मीही काही विचारणार नाही,” विरोधी सिनेटर ब्रॅडवेलबाई म्हणाल्या. “जे कोणी दिसतं, ते कायदा शिकलेलं आहे का, एवढं कळलं तरी पुरे.”

थियाबाईंनी दाखल्याकडे पाहिले. आताच घेतलेली शपथ त्यांना आठवली. एवढे शिकवूनही शेवटी त्यांच्या हातून चूक झाली: त्यांनी उत्तर दिले.

“कोणी दिसत नाही. मी स्वतःला विचारते, आपलं काही चुकत तर नाही ना? कधी कधी चुकलेलं असतं. मग बाहेर येऊन मी शिक्षा बदलते.”

“म्हणजे वरून काही... उत्तर येत नाही?” हॅस्केल यांचा आवाज चिरकला.

“बहुतेक वेळा माझं मलाच द्यावं लागतं.”

“आणि निकाल द्यायच्या आधी तुम्हाला शंका येते?” ब्रॅडवेलबाईंनी चष्मा काढला.

“हो. नंतरही येते.”

प्रूट यांनी कपाळाला हात लावला. वेंडेलचा मात्र ऊर भरून आला. त्याला वाटले, आपल्या बायकोने मैदान मारले.

समितीपुढे आता कसलाच पेच उरला नाही. देवावर विश्वास असलेला न्यायाधीश एका पक्षाला चालतो, नसलेला दुसऱ्याला चालतो. पण आपण चुकत असू, असे मानणारा कोणाला चालणार? हॅस्केल यांच्या मते बाईंची देवावर श्रद्धा नव्हती, ब्रॅडवेलबाईंच्या मते कायद्यावर. कित्येक वर्षांत प्रथमच दोन्ही बाजूंनी एकमुखाने ठराव केला आणि बाईंचे नाव फेटाळले. सदस्यांनी एकमेकांची गळाभेट घेतली. बाईंच्या जागी आलेल्या गृहस्थांना आयुष्यात कशाविषयीच शंका आलेली नव्हती. ते दुपारच्या जेवणाआधी मंजूर झाले.

थियाबाईंना फार वाईट वाटले. विमानतळावर त्या रडल्या, आणि वेंडेलने रुमाल पुढे केला. गावी परतल्यावर त्या पहिल्यासारख्याच डोळे मिटून बसू लागल्या. काही दिवसांनी निकालांची खोकी परत आली. एकावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता. चिकटपट्ट्या सगळ्यांवरच्या शाबूत होत्या.

समितीने ती खोकी उघडलीसुद्धा नाहीत, याचा तुम्हाला संताप आला असेल, आणि तो रास्त आहे. आता त्यांतल्या एखाद्या निकालात काय होते, हे तुम्हीही अजून विचारलेले नाही. त्या भावांच्या जमिनीचे काय झाले, तेही नाही. ‘लिंडॉवर’ हे आडनाव मात्र पहिल्यापासून तुमच्या मनात घोळते आहे: म्हणजे बाई नक्की कोणापैकी? समितीत एक खुर्ची लवकरच रिकामी होत आहे. अवश्य या. (तिथेही परीक्षा होत नाही.)