दगडूमामांची फुलांची भाजी

फुलं देवाला वाहावीत, नाहीतर केसांत माळावीत. आमच्या टेंभुर्णीतले शेजारी दगडूमामा मात्र ती फोडणीला टाकतात. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, पाठोपाठ मामी गेल्या, आणि अंगणात हादगा, जास्वंद, गोकर्ण उगवलं. "ह्यांचे लाड करावे लागत न्हाईत. पाणी विसरलं तरी रुसत न्हाईत." मग गोकर्णाचा निळा चहा नाहीतर जास्वंदीची चटणी घेऊन आमच्या दारात हजर. "बिनधास्त खा, पोरी. निव्वळ औषध हाये!"

एका दुपारी सासूबाईंनी त्यांची हादग्याच्या फुलांची भाजी खाल्ली आणि थोड्या वेळात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "फुलांची भाजी? कसली फुलं? उरली असेल तर घेऊन या."

मी धावत मामांकडे गेले. त्यांच्या कुंपणाला विषारी पिवळी कण्हेर आहे, आणि गल्लीतली माणसं तिच्याकडेच बोट दाखवत उभी होती. मामा पायरीवर, पुढ्यात रिकामं पातेलं.

"मामा, भाजी?"

"खाल्ली. सगळी."

"अहो, डॉक्टरांना तपासायची होती!"

"मंग मला तपासा. चष्मा न लावता फुलं तोडली व्हती. कण्हेर पडली आसंल तर? तुझ्या सासूला, आक्काला आत्ता बोलता येत न्हाई, मला तर येतंय. काय व्हतंय ते बराबर सांगतो."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. रिक्षात मामा सांगत होते, "पोट ठीक. जीभ ठीक. छातीत जरा धडधड." ती तर माझ्याही छातीत होती.

डॉक्टरांनी त्यांना तपासून बाजूच्या खाटेवर झोपवलं. तेवढ्यात माझे यजमान घरून गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. त्यात एक गोळी कमी होती; सासूबाईंनी बीपीची गोळी विसरून दुसऱ्यांदा घेतली होती.

"भाजीत काही नव्हतं. काका, तुम्ही घरी जा," डॉक्टर म्हणाले.

मामा खाटेवरून उठले आणि सासूबाईंच्या उशाशी स्टुलावर बसले. संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले, मामांना पाहिलं.

"भाजीत मीठ कमी व्हतं."

"आसंल, आक्का. एकट्याला चव कळत न्हाई."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मंग पातेलं घेऊन आमच्यातच बसत जा जेवायला."

मामांनी मान डोलावली आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.