प्रफुल्लचा चार पानी खुलासा

प्रफुल्ल जाधव अकार्यक्षम आहे, असं साहेबांनी त्याला सोमवारी सकाळी लेखी कळवलं. संध्याकाळपर्यंत खुलासा द्यावा, अन्यथा दादरच्या ऑफिसातून माझगावच्या गोदामात बदली करण्यात येईल, असंही त्या मेमोत होतं.

मेमो खोटा नव्हता. प्रफुल्लची मुलगी मनू दुसरीत होती, शाळा ऑफिसमागच्याच गल्लीत. लंच टाइममध्ये तो तिला शाळेतून घ्यायचा, परळला घरी थकलेल्या आजीकडे सोडायचा आणि घामाघूम होऊन उशिरा परतायचा. बायको सीमा हॉस्पिटलात नर्स, दिवसपाळीवर. माझगावला गेलं तर मनूला आणणार कोण?

"सरळ लिहून टाक ना, पोरीला आणायला जातो, सॉरी," शेजारच्या टेबलावरची दीपिका म्हणाली.

"वेडी आहेस का?" अवधूत करंदीकर खुर्ची ओढत आले. मराठी हा त्यांचा जीव की प्राण आणि हातातलं काम बाजूला ठेवायला त्यांना एवढं कारण पुरे होतं. "ही तर गुन्ह्याची कबुली झाली. आधी आरोप समजून घ्या. अकार्यक्षम म्हणजे नेमकं काय? दिरंगाई?"

"दिरंगाईच असणार. उशीर होतोच ना माझा," प्रफुल्ल पडेल आवाजात म्हणाला.

"दिरंगाई कामात होते. तुझी येण्यात होते. मग चालढकल?"

"चालढकल वेगळी, सर. त्यात काम करायचंच नसतं," दीपिकाही आता खुर्ची वळवून बसली.

"आणि ढिसाळपणा?"

"तो अख्ख्या ऑफिसचा आहे. एकट्या जाधवच्या गळ्यात कसा मारणार?"

करंदीकरांचे डोळे चमकले. "ठरलं! एकेक शब्द आपणच घ्यायचा आणि खोडून काढायचा. साहेबांना बोलायला जागाच ठेवायची नाही."

बघता बघता सगळं ऑफिस प्रफुल्लच्या टेबलाभोवती जमलं. अकाउंट्सवाल्यांनी वेंधळेपणा घ्यायचा आग्रह धरला. कामचुकारपणा आणि आळस एकच की वेगळे, यावरून दोघांत अबोला धरण्याइतकं वाजलं. फोन वाजून वाजून गप्प झाले. काउंटरवर आलेला एक माणूस बराच वेळ उभा राहिला, मग निघून गेला.

या गडबडीत परळला जाऊन यायला वेळच उरला नाही. प्रफुल्ल धावत जाऊन मनूला घेऊन आला आणि तिला थेट ऑफिसातच बसवलं. तिने डबा खाल्ला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, इथे काम कधी सुरू होतं?"

करंदीकरांनी घाईघाईने 'निष्काळजीपणा' काढला.

संध्याकाळी चार पानी खुलासा तयार झाला. प्रफुल्ल तो घेऊन केबिनमध्ये गेला. साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला आणि उरलेली तीन पानं मन लावून वाचली.

"जाधव, हे आजच्या आज लिहिलंत?"

"हो साहेब."

"कमाल आहे! एवढं मुद्देसूद काम या ऑफिसात मी आजवर पाहिलं नव्हतं. मी तुम्हाला उगाच अकार्यक्षम समजलो. मेमो मागे घेतो."

प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. आभार मानून तो वळला.

"थांबा. सकाळी रागाच्या भरात मी बदलीचं लिहून गेलो. आता विचार करतो, अकार्यक्षम माणूस माझगावला धाडून काय उजेड पडणार? तिथे आधीच सगळा गलथान कारभार आहे. तिथे तुमच्यासारखाच माणूस हवा. उद्यापासून जा."

"साहेब, नको हो!" प्रफुल्ल रडकुंडीला आला. "मी खरंच दिरंगाई करतो."

"पान एक. तुम्ही करत नाही."

"मी वेंधळा आहे."

"पान दोन. मुळीच नाही."

"कामचुकार आहे साहेब, आईशप्पत! कुणालाही विचारा!"

"विचारायची गरज नाही, पान तीनवर मला पूर्ण पटलंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी बदलीच्या हुकमावर सही केली.