आईला निरोप

इमारतीत त्याला सगळे ‘अपडेट’ म्हणत. जिन्यात कोणी भेटलं की माणसं ‘काय, कसं काय?’ असं विचारतात, हा विचारायचा, “फोन अपडेट केलात का?” विमा कंपनीतली नोकरी तो पोटासाठी करायचा. जीव होता तो त्याच्या ब्लॉगवर. कुठल्या वेबसाइटवर जगातल्या कुठल्याही गावचा रेडिओ ऐकता येतो, कुठे नुसती शीळ घातली की गाणं ओळखून मिळतं, कोणता टॉर्च पाण्यात बुडूनही पेटतो, हे सगळं तो तिथे ठासून लिहायचा. ‘मला वाटतं’ हे शब्द त्याच्या लेखांत औषधालाही सापडत नसत. वाचक मोजकेच होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

त्या रविवारी घरात दोघं येणार होते. सकाळी बोलका डबा आणि संध्याकाळी त्याची आई.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. आयुष्यभर तिने हॉस्पिटलातला वॉर्ड सांभाळला होता. तिथे डॉक्टरसुद्धा तिच्या चेहऱ्याकडे बघून आत यायचे. गुडघे कुरकुरायला लागले तरी ती मुलाकडे यायला तयार नव्हती. “मला कोणाच्या घरात अडगळ व्हायचं नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य. तिची समजूत घालता घालता अपडेटच्या आणि त्याच्या बायकोच्या नाकी नऊ आले होते. अखेर ती एकदाची हो म्हणाली आणि टेम्पो ठरला. आता तिचं बिनसलं असतं, तर पुन्हा तिचं मन वळवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

बोलका डबा म्हणजे तोंडी हुकूम ऐकून कामं करणारा स्पीकर. मुठीएवढा होता, काळाभोर, डोक्यावर निळा दिवा. आईसाठी ठरवलेल्या खोलीतल्या फळीवर त्याने तो मोठ्या थाटात ठेवला.

“याला मराठी कळतं?” बायकोने विचारलं.

“कळतं म्हणजे? मी शिकवलंय. एका वेबसाइटवर एका पठ्ठ्याने सगळी युक्ती लिहून ठेवलीय. मी ‘आईला’ म्हटलं, की त्यापुढे जे बोलेन ते जसंच्या तसं आईच्या फोनवर मेसेज म्हणून जाणार. मी थांबलो की मेसेज संपला. बघच तू.” त्याने घसा खाकरला. “आईला, गोळ्या घेतल्या का?”

टिंग! डब्याने आवाज केला. थोड्या वेळाने अपडेटच्या फोनवर आईचं उत्तर आलं : ‘घेतल्या. आज सूर्य कुठून उगवला?’

“पण आधी त्याला नावाने हाक मारावी लागते ना? जाहिरातीत मारतात.”

“ते नवशिक्यांसाठी. दर वेळी त्याच्या नाकदुऱ्या कोण काढणार? ती अट मी काढून टाकलीय. आता तो सारखा ऐकत असतो.”

“सारखा?”

“सारखा!” अपडेटने छाती फुगवून सांगितलं.

बायकोला काहीतरी खटकलं. काय ते मात्र नेमकं कळेना. शिवाय खोली रिकामी करायची होती. ती खोली म्हणजे अपडेटच्या प्रयोगांचं गोदाम होतं. वायरींची भेंडोळी, मेलेले कीबोर्ड आणि मधोमध, धुणं झालं की गाणं म्हणणारं नवं यंत्र आल्यावर ‘सुट्या भागांसाठी’ ठेवून दिलेली जुनी वॉशिंग मशीन. पदर खोचून, बाह्या सरसावून दोघांनी तिला हात घातला.

“आईला, केवढी जड आहे ही!” अपडेट ओरडला.

टिंग!

“ऐकलंस? हुंकार देतो. समजतं त्याला सगळं.” त्याने पुन्हा जोर लावला. “आईला, जागची हलत नाही! एकदा बसली की बसलीच!”

टिंग!

“गॅलरीत ठेवायची का तात्पुरती?” बायकोने धापा टाकत विचारलं.

“आईला, बरोबर! गॅलरीतच ठेवू. वरून प्लास्टिक टाकलं की झालं.”

टिंग!

“आणि पुढे?”

“आईला, पुढे काय, उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू. पाय गेलेत, नुसती खडखड करते, हिचा आता कोणाला उपयोग आहे?”

टिंग! डब्याचा निळा दिवा समजूतदारपणे लुकलुकला.

मशीन खोलीच्या दारापर्यंत आली, तोच फोन वाजला. टेम्पोवाला होता.

“साहेब, ट्रिप रद्द झाली.”

“रद्द? कोणी केली?”

“आजींनी. सामान निम्मं भरून झालं होतं. त्या फोन बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, उतरव सगळं, मी भंगार नाही.”

“भंगार नाही म्हणजे?”

“मला काय माहीत, साहेब? मी म्हटलं, भंगाराच्या ट्रिपाही मारतो आपण. तर अशा बघितल्या माझ्याकडे, की मी आपला खाली येऊन बसलो.”

अपडेटने आईला पाठवलेले मेसेज उघडले. तिथे त्याच्याच नावाने ओळीने सगळं बसलं होतं. केवढी जड आहे ही. जागची हलत नाही. गॅलरीतच ठेवू, वरून प्लास्टिक टाकलं की झालं. मुलगा सुनेला लिहायचं ते चुकून आपल्यालाच पाठवतोय, असं आईला वाटलं असेल, तर तिला दोष कसा द्यायचा?

“पण मी हे तिला कधी पाठवलं?” तो चक्रावून म्हणाला.

“अहो, दर वाक्याच्या आधी तुम्ही काय म्हणता?”

“काय म्हणतो?”

“आठवा जरा.”

हा शब्द त्याच्या तोंडात इतका मुरला होता, की आपण तो उच्चारतो हेच त्याला माहीत नव्हतं. आनंद झाला तरी तोच, ठेच लागली तरी तोच. त्याने आठवून पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. “आईला, खरंच की!”

टिंग! ‘हिचा आता कोणाला उपयोग आहे?’ याच्या खाली ‘खरंच की!’ जाऊन बसलं.

“तोंडावर हात ठेवा!” बायको किंचाळली.

आईला फोन लावला, तो तिने कापला. बायकोने लावला, तोही कापला. ‘आई, गैरसमज झालाय, आम्ही येतोय,’ असा मेसेज बायकोने पाठवला, त्याला उत्तर नाही. “चला, जाऊन पाय धरू,” म्हणत ती कपडे बदलायला गेली.

अपडेट मात्र डगमगला नव्हता. पाय धरून ती ऐकणार आहे होय? ताप नसताना कण्हणारे पेशंट तिने ढिगाने बघितलेत. तिला पुरावा लागेल. आणि पुरावा होता! डबा ऐकलेलं सगळं वेबसाइटवर साठवून ठेवत होता. त्यात मागे मशीन फरशीवर घासल्याचा आवाज नक्की असणार. तो ऐकवला की काम फत्ते. दारातल्या मशीनला रेटत वाट काढून तो घाईघाईने कॉम्प्युटरपाशी बसला, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं.

राऊटरवर लाल दिवा लागला होता. अपडेट यंत्रांशी नेहमीच लाडीगोडीने बोलायचा. नवं यंत्र असलं की राणी, रुसलं की बाई. तो गुडघ्यांवर बसला आणि अगदी काकुळतीला आला.

“आईला, ये ना गं बाई आता! अशी रुसू नकोस. तुझ्यावाचून सगळं घर अडलंय. तू नसलीस की मला काही सुचत नाही गं! हिरवा दिवा लाव, लाल नको. मागचं बटण दाबू का?”

डबा गप्प राहिला. नेटच नव्हतं, तर तो तरी काय बोलणार? मग अपडेटला दिसलं, की दारात अडकलेल्या मशीनच्या पायाखाली राऊटरची वायर आलीय. त्याने ती ओढून काढली, नीट खोचली आणि हिरवा दिवा लागला.

टिंग!

“आता काय गेलं?” आतून बायकोने विचारलं.

“काही नाही, नेट आलं!” तो उत्साहाने म्हणाला आणि पुरावे उतरवायला बसला.

पुरावा चांगलाच जड होता, उतरता उतरेना. बायको पर्स घेऊन दारापाशी येरझारा घालत होती, आणि “झालंच, झालंच” म्हणता म्हणता बराच वेळ गेला. शेवटी कॉम्प्युटर आणि डबा दोन्ही बंद करून दोघं निघणार, तोच बेल वाजली.

दारात आई उभी होती. हातात छोटी पिशवी, कपाळाला आठ्या. खाली रस्त्यावर टेम्पो घरघरत होता.

“भंगारवाला आला का?” तिने विचारलं.

“आई, आत या ना आधी,” सून म्हणाली.

“बघू.” ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“अगं, ते सगळं वॉशिंग मशीनबद्दल होतं!” अपडेटने फोन पुढे केला. “ऐक, पुरावा आहे माझ्याकडे. मागे फरशी घासल्याचा आवाज येतोय बघ.”

आईने वॉर्डातून फेरी मारताना ऐकावं, तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे जड ती.”

“ती!”

“पाय तिचे गेले.”

“तिचेच! एक अक्षरसुद्धा तुला नव्हतं, आई. सगळे मेसेज यंत्रांना होते.”

“सगळे?”

“सगळे!”

“हा शेवटचासुद्धा?” तिने स्वतःचा फोन त्याच्या नाकासमोर धरला.

अपडेटने वाचलं. ये ना गं बाई आता. तुझ्यावाचून सगळं घर अडलंय. बायकोने मागून कोपर मारलं.

“हा... हा होय? हा तुलाच होता!”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“मग पुढचं वाच. मोठ्याने.”

“हिरवा दिवा लाव, लाल नको.” अपडेटचा आवाज खाली खाली जायला लागला. “मागचं... मागचं बटण दाबू का?”

“माझं मागचं बटण कुठे आहे, तेवढं सांग मला,” आई म्हणाली.

बायकोने तोंडावर पदर दाबला, तरी हसू फुटलंच. अपडेटचा चेहरा पार उतरला.

“आधीचे मेसेज वाचून मी रडले,” आई म्हणाली. “खोटं कशाला सांगू? मग हा आला. बटणापर्यंत पोचले आणि डोक्यात प्रकाश पडला. माझ्या मुलाची कुठल्या तरी खोक्याशी बोलणी चालली होती.”

“मग तू आलीस कशी?”

“विचारायला आले. शिव्या त्या मशीनला, लाड त्या दिव्याच्या खोक्याचे. माझ्या वाट्याला काय आहे? टेम्पोवाल्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलंय.”

एका टॉर्चवर पानभर लिहिणाऱ्या या माणसाने पुराव्याचा फोन खिशात टाकला.

“आई, तू तिकडे एकटी असतेस ना, तर तुझा फोन आला की आधी माझ्या काळजात धस्स होतं. नाही आला, तर त्याहून जास्त. तुला कधीही निरोप देता यावा म्हणून तर तो बोलका डबा आणला. तू इथे राहा. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी राहा.”

आईने चष्मा काढला, विनाकारण पुसला आणि पुन्हा लावला.

“हे कोणाला म्हणालास?”

“तुला.”

“मागे वळून बघ. कुठलं यंत्र नाही ना चालू?”

त्याने खरोखरच मागे वळून पाहिलं. “नाही. तुलाच, आई.”

ती वळली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली. “इंजिन बंद कर रे, सामान घे वर!” तिने टेम्पोवाल्याला फर्मावलं, आणि चपला काढून आत आली.