मुकादमाचा अर्धा तास

दारावर चिकटवलेली नोटीस सेकंदसाहेबांनी तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण आत भांडी आवरणाऱ्या त्यांच्या पत्नीलाही ती ऐकू जायला हवी होती.

'घरात कोणी नसताना आपला कुत्रा सतत भुंकतो. आजपासून तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता समितीचे सदस्य आपल्या दाराबाहेर अर्धा तास थांबतील. त्या वेळी घरात माणूस असू नये. कुत्रा भुंकल्यास त्याला इमारतीत ठेवता येणार नाही. सचिव.'

"सतत म्हणजे किती?" साहेब कडाडले. "मिनिटाला किती वेळा? काही आकडा? नुसतं 'सतत' असं कुणी लिहितं का?"

"आकडा कशाला हवाय?" आतून आवाज आला. "काल कामावरून येताना मला कोपऱ्यावरच कळलं, आपलं घर जवळ आलं म्हणून."

सेकंदसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात एकतीस वर्षं कामगारांच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि डब्याला झाकण लावायला किती सेकंद लागले ते तक्त्यात भरायचं, हे त्यांचं काम. हे नाव कामगारांनी आपल्याला प्रेमाने दिलं, असं त्यांचं मत होतं. कामगारांचं मत कुणी विचारलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तक्ते सुटले, पण घड्याळ सुटलं नाही. आंघोळ चार मिनिटं दहा सेकंद, चहा सात घोट. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणायची. त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासायच्या आणि घरी आल्यावर नवऱ्याकडे शक्यतो चष्मा काढून बघायच्या.

कुत्रा काकूंच्या थोरल्या भावाचा. गॅलरीत उभा राहून रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकावर ओरडायचा म्हणून त्याचं नाव मुकादम. एका दुपारी भाऊ "तपासून येतो रे" असं त्याला सांगून इस्पितळात गेले, ते परत आलेच नाहीत. मुकादम दोन दिवस दाराकडे तोंड करून बसला होता. तेव्हापासून घराबाहेर पडणारं प्रत्येक माणूस कायमचंच चाललं, अशी त्याची खात्री झाली होती. कुणी चपला घातल्या की तो थरथरायला लागायचा, किल्ल्या वाजल्या की रडायचा आणि दार बंद झालं की जी इमारत डोक्यावर घ्यायचा, ती माणूस परत येईपर्यंत खाली ठेवायचा नाही.

"दादाचं माझ्याकडे एवढंच उरलंय," काकू हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या. "मुकादमाला बाहेर काढलेलं मला चालणार नाही. सांगून ठेवते."

चौतीस वर्षांच्या संसारात 'मला चालणार नाही' हे शब्द साहेबांनी दोनदाच ऐकले होते. दोन्ही वेळा चाललं नव्हतं. त्यांनी कंबर कसली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला तो सोपा होता. चपला घाला, किल्ल्या घ्या, बाहेर जा आणि तो भुंकायच्या आत परत या. मग हळूहळू वेळ वाढवा. गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला पटलं पाहिजे.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "वेळ एकसारखी नको. कधी दोन मिनिटं, कधी वीस सेकंद, कधी दहा मिनिटं. नेमकेपणा अजिबात नको."

साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन वाचताना शेवटचं वाक्य त्यांनी खोडून टाकलं. शिकलासवरलेला माणूस असं म्हणणं शक्य नाही, बोलण्याच्या ओघात काहीतरी चूक झाली असणार.

दुसऱ्या दिवशी तक्ता तयार झाला. पहिल्या दिवशी पाच सेकंद, चाळीस फेऱ्या. मग दहा, मग वीस. साहेब चपला घालत, किल्ल्या वाजवत, बाहेर पडत, दार लावून घेत, घड्याळाकडे बघत आणि ठरल्या सेकंदाला पुन्हा आत शिरत. आत मुकादम तोंड उघडून पहिला भुंकारा काढायच्या बेतात असे, तोवर साहेब हजर. तो बिचारा तोंड मिटून घेई.

समोरच्या घरात राहणाऱ्या सचिवबाई हा प्रकार पाहत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काही विसरलात का साहेब?" दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना लिफ्टमध्ये गाठलं.

"घरात सगळं ठीक आहे ना हो?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नाही, म्हणजे तुमच्यात मी पडत नाही. पण या वयात माणसाला दिवसातून चाळीस वेळा घराबाहेर काढायचं म्हणजे..."

"मी नाही काढत. ते आपणहून जातात."

"आणि परत का येतात?"

"तोच तर प्रश्न आहे," काकू म्हणाल्या आणि मजला आल्यावर त्यांच्या आधी उतरल्या.

पण उपाय लागू पडत होता, हे काकूंनाही मान्य करावं लागलं. पहिला आठवडा संपताना मुकादम पाच मिनिटं गप्प राहायला लागला, दुसऱ्या आठवड्यात वीस. तिसऱ्या शुक्रवारी साहेब बरोबर तीस मिनिटं जिन्यात बसून आले, शनिवारी तसे सहा वेळा बसले, आणि घरातून एक आवाज आला नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी तक्त्यावर शेवटची खूण केली.

रविवारी अकराला समिती आली. सचिवबाई, पहिल्या मजल्यावरचे बेकरीवाले आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे चित्रकलेचे मास्तर. साहेब आणि काकू बाहेर आले, दार बंद झालं आणि पाचही जण पायऱ्यांवर ओळीने बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बेकरीवाल्यांना डुलकी लागली. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"तीस!" साहेब ताडकन उठले. "झाला अर्धा तास! आता बोला!"

"बसा," सचिवबाई मनगटाकडे बघत म्हणाल्या. "माझ्या घड्याळात अजून वीस सेकंद आहेत."

तेवढ्यात आतून एक भुंकारा आला. क्षणभर शांतता, मग दुसरा, आणि मग मुकादमाने अशी तोफ डागली की बेकरीवाले दचकून दोन पायऱ्या खाली घसरले. साहेबांनी धावत जाऊन दार उघडलं. मुकादम दारातच उभा होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं आणि भुंकणं बंद केलं. उशिरा येणाऱ्या कामगाराकडे साहेब एकतीस वर्षं ज्या नजरेने बघत आले, त्याच नजरेने तो बघत होता.

"अर्धा तास संपल्यावर भुंकला तो!" साहेब ओरडले. "नंतरचं धरायचं नाही!"

"माझ्या घड्याळात आधी भुंकला."

"तुमचं घड्याळ मागे आहे!"

मास्तरांनी फोनवर वेळ तपासली. साहेबांचं घड्याळ बरोबर होतं आणि सचिवबाईंचं वीस सेकंद मागे. "म्हणजे बाई, कुत्र्याला तुमच्यापेक्षा वेळ बरी कळते," मास्तर बोलून गेले. हे त्यांनी बोलायला नको होतं.

"घड्याळाचं राहू द्या," सचिवबाई लालबुंद झाल्या. "मला एक सांगा साहेब. उद्या तुम्ही दोघं तासभर बाहेर गेलात, तर पहिल्या अर्ध्या तासाचं ठीक आहे. उरलेला अर्धा तास मी काय करायचं?"

साहेबांनी खिशातला तक्ता काढून पाहिला. या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात नव्हतं. काकू पुढे झाल्या. त्यांनी हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. "पंधरा दिवस द्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा परीक्षा घ्या. आणि या वेळी किती वेळ थांबणार, ते आम्हाला सांगूच नका."

सचिवबाईंनी मुकादमाकडे पाहिलं. तो काकूंच्या पायांवर हनुवटी टेकून बसला होता. "पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "एकही जास्त नाही."

घरात आल्यावर काकूंनी डॉक्टरांच्या सूचनांची वही काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खोडलेलं वाक्य वाचणं हे बारीक अक्षरांत आयुष्य गेलेल्या बाईला काही अवघड नव्हतं.

"हे काय आहे?"

"डॉक्टरांची ती... बोलण्यातली चूक."

"त्यांनी नेमकेपणा नको म्हटलं, आणि तुम्ही त्या जिवाला घड्याळ बघायला शिकवलंत! त्याची भीती गेलीच नाही. फक्त अर्धा तास पुढे गेली."

मग काकूंनी साहेबांचं मनगटी घड्याळ काढून घेतलं, खिशातलं काढून घेतलं, भिंतीवरचं उतरवलं, फोनही मागून घेतला आणि सगळं आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. साहेबांच्या हातात त्यांनी एक जुना फोन ठेवला. त्याची काच इतकी तडकलेली होती की काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"उद्यापासून मी दुकानातून एकदा फोन केला की तुम्ही बाहेर पडायचं, आणि पुन्हा केला की आत यायचं. मधे किती वेळ, ते मलाही माहीत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पहिला फोन, उठलं की दुसरा."

गिऱ्हाइकांचा काही भरवसा नव्हता. कुणी धडाधडा अक्षरं वाचून तीन मिनिटांत मोकळं व्हायचं. कुणी "ही काच बरी की मघाची?" यावर अडून बसायचं. एका आजोबांनी शेवटच्या ओळीतल्या एका अक्षरावरून काकूंशी वाद घातला आणि तो मिटेपर्यंत साहेब जिन्यात बसून होते. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. तेच तर दुःख होतं. मोकळ्या मनगटाकडे बघून बघून त्यांची मान आखडली. मनात आकडे मोजायला लागावं, तर सचिवबाई दार उघडून "अजून इथेच का?" म्हणत आणि मोजदाद चुके.

मुकादमाचे पहिले दोन दिवस वाईट गेले. तो भुंकला, थांबला, वाट पाहिली, पुन्हा भुंकला. माणूस कधी लगेच यायचं, कधी फार उशिरा. हिशेब काही लागेना. पण यायचं मात्र नक्की. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याने हिशेब सोडून दिला. दहाव्या दिवशी दुपारी साहेब दार उघडून आत आले तेव्हा तो कुशीवर झोपला होता. तो उठला नाही. त्याने फक्त शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि डोळे पुन्हा मिटले.

 साहेब चपलांसकट त्याच्याजवळ खाली बसले. "आलो रे," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "येणारच होतो." किती वेळ तिथे बसून राहिले, ते त्यांनी मोजलं नाही.

परीक्षेच्या रविवारी पुन्हा पाच जण पायऱ्यांवर बसले. या वेळी घड्याळ एकट्या सचिवबाईंकडे होतं, तेही दुरुस्त करून आणलेलं, आणि त्यांनी ते पदराखाली झाकलं होतं. मांडीवर वही उघडी होती.

आत शांतता होती. थोड्या वेळाने आणखी शांतता झाली.

"फारच गप्प आहे," साहेब पुटपुटले.

"शू!" सचिवबाई म्हणाल्या आणि वहीत एक रेघ ओढली.

"नाही, म्हणजे साधं कुरकुरणं तरी? श्वासाचाही आवाज नाही."

दुसरी रेघ. काकूंनी साहेबांची बाही ओढली. साहेब बसले, पण त्यांचा जीव काही जागेवर नव्हता. अर्धा तास झाला असेल? की तास? आत काही घशात अडकलं असेल का? त्या सोफ्याखाली मागे एकदा बटण सापडलं होतं. ते उठले आणि त्यांनी दाराला कान लावला.

"मुकादम?"

"साहेब, बसा!"

"एकदाच विचारतो. मुकादम! ठीक आहेस ना रे? मी इथेच आहे!" त्यांनी दारावर थाप मारली. "घाबरू नकोस! येतोच आहे!"

बेकरीवाल्यांनी त्यांना एका बाजूने धरलं, मास्तरांनी दुसऱ्या बाजूने. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि कुणीतरी वर ओरडलं, "अहो, काय गोंधळ लावलाय? रविवार आहे आज!" साहेबांनी जिन्यावरून वाकून त्यांनाही सगळं सांगायला सुरुवात केली. सचिवबाई शांतपणे रेघा ओढत राहिल्या.

"झाली वेळ," शेवटी त्या म्हणाल्या. "बावन्न मिनिटं."

साहेबांनी दार ढकललं. मुकादम बैठकीच्या मधोमध उताणा झोपला होता, चारही पाय वर. पाच माणसं आत आल्यावर त्याने एक डोळा उघडला, सगळ्यांना पाहिलं, उठला आणि जरा शांत जागा शोधायला आतल्या खोलीत निघून गेला. काकू तिथेच खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

सचिवबाईंनी घसा साफ केला आणि वहीतून वाचून दाखवलं. "कुत्रा, आवाज एकही नाही. राहायला परवानगी आहे. मालक, आवाज तेवीस वेळा, त्याशिवाय दारावर थापा." त्यांनी वही मिटली आणि काकूंकडे पाहिलं. "कुत्र्याचा प्रश्न मिटला. यांचं काय करायचं?"

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. ते आतल्या खोलीच्या दाराशी उभे राहून मुकादमाचा श्वास चालू आहे ना, ते बघत होते.

"त्यांना अजून पंधरा दिवस द्या," काकू म्हणाल्या.

सचिवबाईंनी थोडा विचार केला, वही पुन्हा उघडली आणि तसं लिहून घेतलं.