मागच्या दाढांचा शेजार

दाढेला कॅप बसवून झाली तरी डॉ. देसले पेशंटला सोडत नसत. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून उकडलेली शेवग्याची शेंग खायला लावत. शेंगेचे दोरे कॅप आणि शेजारची दाढ यांच्यात अडकले, तर कॅप काढून दुरुस्त करायची. नाही अडकले, तर चूळ भरून घरी जायचे.

नव्वदच्या दशकात शहापूरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचा दवाखाना होता. सोमवारी ते मुरबाडला बसत. शहापूरच्या दवाखान्याला लागून असलेल्या गाळ्यात बसून मी एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या लिहीत असे. शेंगा उकडून आणायचे काम डॉक्टरांच्या पत्नीचे, कुमुदवहिनींचे. पेशंटची नावेही त्याच पुकारत.

दात एकटा बघायचा नसतो, असे डॉक्टरांचे ठाम मत होते. "शेजार बघा, शेजार," ते म्हणत. हा शेजार टिकणे कॅप कशाची आहे यावर अवलंबून असते, हे ते प्रत्येकाला समजावत. प्लास्टिकची स्वस्त, पण कडेने झिजते. फट पडते, तिथे अन्न साचते आणि शेजारची चांगली दाढ किडते. चिनी मातीची दिसायला छान, पण घासून बसवल्यावर नीट गुळगुळीत केली नाही, तर ती चावताना समोरच्या दाढेलाच झिजवते. धातूची काळपट, मात्र जागा सोडत नाही.

"मला पांढरीच पायजे, फोटोत बरी दिसते," असे भातसानगरचा एक कर्मचारी म्हणाला.

"मागच्या दाढेचा फोटो कोण काढतो?" एवढे विचारून डॉक्टरांनी धातूची बसवली.

किन्हवलीच्या एका लग्नात जेवणानंतर कोणीतरी दात कोरायला काडी मागितली. लगेच मागून आवाज आला, "काडी लपव रे, डाक्टर आला!" मांडव हसला. डॉक्टर हसले नाहीत. काडी मागणाऱ्याला त्यांनी बाहेर उन्हात नेले आणि आ करायला लावले.

एकदा म्हसा गावाकडच्या वाडीतली एक म्हातारी शेंगेच्या परीक्षेत पास झाली. उरलेला तुकडा तिने वहिनींपुढे धरला.

"घे गो, तू पन खा. रोज लोकांनाच चारतेस."

वहिनी नको म्हणाल्या. म्हातारी ऐकेना. शेवटी वहिनींनी तुकडा तोंडात घेतला आणि जिभेने डावीकडे सारला.

"डाक्टर," म्हातारीने आत आवाज दिला, "तुमच्या बाईचा उजवा गाल नुसता बसून हाय. कामच करत नाय!"

बाकावरची माणसे हसली. डॉक्टर बाहेर आले आणि वहिनींना खुर्चीकडे घेऊन गेले.

"अहो, लोक थांबलेत."

"थांबू देत."

वहिनींच्या उजव्या दाढेवर प्लास्टिकची कॅप होती. दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बनवलेली ती पहिली कॅप. तिची कड झिजून मोठी फट पडली होती. शेजारची दाढ आतून पोखरली होती. ती वाचेल की नाही, हे त्यांना लगेच सांगता येईना.

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि बोलली नाहीस? मी इथे लोकांना शेंगा चारतोय!"

"तुमची पहिली होती ती," वहिनी म्हणाल्या. "काढून टाकली असतीत."

डॉक्टरांनी ती कॅप काढली. किडलेली दाढ वाचवायला बरेच दिवस लागले. बाकावरच्या पेशंटना त्या दिवसांत वाट पाहावी लागली. दाढ वाचली. तिच्या शेजारी धातूची कॅप बसली.

कॅप बसली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी वाढले आणि त्याही आमच्याबरोबर बसल्या. डॉक्टर जेवत नव्हते, समोर बघत होते. वहिनींनी घास घेतला आणि सवयीने डावीकडे नेला. डॉक्टरांनी आपल्या उजव्या गालावर बोट ठेवले.

वहिनींनी मान खाली घातली. घास हळूच उजवीकडे गेला. त्यांनी तो जपून चावला, मग नेहमीसारखा चावला.

तेव्हा कुठे डॉक्टरांनी आपला भात कालवायला घेतला.