परातेंचा हिरवा रंग

आमच्या ऑफिसातले पराते रजेचा अर्जसुद्धा रंगवून देत. तारखा निळ्या, 'कृपया' पिवळा आणि रजेचं कारण जांभळं. साहेबांनी एकदा विचारलं की हा काय प्रकार आहे. पराते शांतपणे म्हणाले, "साहेब, काळ्या अक्षरात कारण दडून राहते."

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात नवाच कॉम्प्युटर विभाग निघाला होता. एक थंडगार खोली, आणि चपला बाहेर. एसी मशीनसाठी होता, आमच्यासाठी नाही, हे साहेब आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. माणसं आम्ही चौघं. त्यात पराते वयाने सगळ्यांत मोठे, आणि मी सगळ्यांत लहान. म्हणजे वडे आणायला जाणारा मी.

परातेंच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसे. तो नाकावर आणि डबीत पाच रंगीत पेन्सिली. छापलेला प्रोग्राम हातात आला की ते आधी ब्लेडने टोकं काढत, सालपटं लिफाफ्यात भरत आणि मग एकेक शब्द रंगवायला बसत. उघडणारे आणि मिटवणारे जोडीचे हुकूम लाल, आकडे निळे, अवतरणातला मजकूर पिवळा, काही चालू-बंद करण्यासारख्या खास गोष्टी जांभळ्या, आणि प्रोग्राम लिहिणारा मधेमधे जे शेरे मारतो ते हिरवे. बिनरंगी कागद पुढे केला की म्हणायचे, "हे मुकं आहे गा. आधी याले बोलू दे." बरं, घाई म्हणाल तर नाव नको! बारा पानांना दोन दिवस. मी मागून नकला करायचो, आणि सगळे हसायचे, हे कबूल करतो.

पण माणूस चूक पकडायचा, त्याला तोड नव्हती. सुट्या भागांच्या यादीचा माझा प्रोग्राम आठवडाभर अडून बसला होता. डोकं फोडून घ्यायची वेळ आली होती. परातेंनी शनिवारी तो रंगवला, घडी घालून घरी नेला आणि सोमवारी सांगितलं, "एकशे चाळीसवी ओळ. उघडलं आहे, मिटवलं नाही." गेलो, पाहिलं, तसंच होतं. असं एकदा नाही, दरवेळी व्हायचं. शनिवारी कागद घरी जाणार आणि सोमवारी चूक हजर. कौतुक केलं की मात्र बिचकायचे. "मी फक्त रंग भरतो," एवढंच म्हणून कामाला लागायचे. आम्हाला वाटायचं, विनय आहे बिचाऱ्याचा.

मग आमच्याकडे रंगीत पडद्याचं मशीन आलं. साहेबांच्या पुण्याच्या मित्राने त्यासाठी फ्लॉपीवर एक मजकूर लिहायचा प्रोग्राम पाठवला. तो कोणाच्या मालकीचा नव्हता. आतला सगळा मजकूर उघडा ठेवलेला, आणि सोबत विनंती, की चूक सापडली तर दुरुस्त करा आणि पुढच्याला द्या. गंमत म्हणजे हा प्रोग्राम आपोआप रंग द्यायचा. पराते दोन दिवसांत करायचे ते पडद्यावर क्षणात! पण एक खोड होती. पडद्याच्या शेवटच्या ओळीवर शेरा आला की हिरवा रंग थांबायचाच नाही. पुढची पानंच्या पानं हिरवीगार.

साहेबांनी ते काम परातेंना दिलं. म्हणाले, एवढं नीट करा, म्हणजे हा कागदांचा पसारा बंद करू आणि सगळं पडद्यावरच पाहू. परातेंनी मान डोलावली. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. सोमवार आला की आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहायचो आणि ते खिडकीकडे. शेवटी साहेबांनी मला पिटाळलं, की रविवारी त्यांच्या घरी जाऊन तो रंगवलेला कागद घेऊन ये, आपण दुसऱ्या कोणाला दाखवू.

तांडापेठेत विचारत विचारत पोहोचलो. विणकर कोष्ट्यांची वस्ती, पण मागाचा खटखटाट दोन-चार घरांतूनच येत होता. परातेंच्या पुढच्या खोलीत मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. त्या फळ्यांवर आमच्या ऑफिसचे कागद लांबच लांब पसरलेले, आणि त्यांच्यावर वाकून एक बाई बसलेली. परातेंची बायको, कौसल्यावहिनी. ती कागद वाचत नव्हती. वाचणार कशी, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचं बोट लालवरून लालवर सरकत होतं आणि मधेच थांबत होतं.

मी दारातच थांबलो. माझा चेहरा पाहून पराते म्हणाले, "आजवर मले एक चूक सापडली नाही गा. सारं हिचं आहे. मी रंगवतो, ही पाह्यते."

वहिनीला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तिने वीस वर्षं लुगडी विणली होती. ती मला समजावून सांगू लागली, "भाऊ, धाग्याचा धोटा तिकडं गेला तर वापस आला पाह्यजे. नाही आला तर काठ बिघडते. हे बी तसंच आहे."

मी येण्याचं कारण सांगितलं, तसे पराते मला हाताला धरून बाहेर ओट्यावर घेऊन आले. त्या हिरव्या रंगाची चूक वहिनीला पहिल्याच रविवारी सापडली होती. एका ठिकाणी रंग चालू केला होता आणि बंद करायचा राहिला होता. दुरुस्ती तीन ओळींची. मी जरा चिडूनच विचारलं, मग केली काहून नाही?

"तो नीट झाला की कागद बंद," पराते म्हणाले. "माग विकला तवा ही आठ महिने भिंतीकडे पाहत बसली होती. जेवली का विचारलं तर हो म्हने, अन् जेवलेली नसे. तू नाही पाह्यलं ते. मी पाह्यलं."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी या माणसाच्या पेन्सिलींची टिंगल करत होतो. साहेबांना काही सांगणार नाही, असं मी म्हणालो आणि वळलो, तर दारात वहिनी उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"दोष दिसला अन् तुमी तसाच ठेवला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कागद बंद होतील वं."

"होऊ द्या. वीस वर्षांत दोषाचं एक लुगडं म्या कोनाले नेसू नाही दिलं."

परातेंनी सोमवारी तीन ओळी घातल्या. हिरवा रंग जिथे थांबायचा तिथे थांबला. साहेब खूश झाले, त्यांनी परातेंचा हात हातात घेऊन हलवला आणि त्याच दुपारी कागद बंदचा हुकूम काढला. परातेंनी चष्म्याची डबी टेबलाच्या खणात ठेवून दिली. मला त्यांच्याकडे पाहवेना.

संध्याकाळी ते फ्लॉपी पुढे पाठवायच्या तयारीला लागले. त्या प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, आजवर ज्यांनी ज्यांनी त्यात दुरुस्ती केली त्यांची नावं आणि गावं शेऱ्यात लिहिलेली होती. पराते एका बोटाने खाली आणखी एक नाव टाइप करत होते. मी वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, कौसल्या पराते, तांडापेठ, नागपूर. साहेबांनी विचारलं तर काय सांगणार, असं मी म्हणालो. विचारू दे, पराते म्हणाले. मग त्यांनी तेवढं एकच पान छापलं आणि खणातून डबी काढली.

शनिवारी ते पान घेऊन आम्ही दोघं गेलो. वहिनीने ते फळ्यांवर पसरलं, वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"यात तं काही तुटलं नाही," ती म्हणाली. "मंग काहून आणला?"

पराते चष्मा पुसत बसले. शेवटी मीच त्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं, वहिनी, हे तुमचं नाव आहे. ती चूक तुम्ही काढली, म्हणून लिहिलं.

ती कागदावर आणखी वाकली. मग नाव हिरव्या रंगात काहून, असं तिने नवऱ्याला विचारलं.

"हिरवं असते ते मशीन वाचत नाही," पराते म्हणाले. "मागून जो मानूस दुरुस्त करायले येते, त्याच्यासाठी असते ते."

"म्हंजे त्याले माझं नाव दिसन?"

"दिसन."

वहिनीने पदराला हात पुसले. "कुठून कुठपर्यंत आहे, दाखवा बरं."

परातेंनी तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावरून हळूहळू शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. तिने पुन्हा एकदा न्यायला सांगितलं. चुलीवर चहा उकळत होता, तो मीच उतरवून ठेवला आणि न घेताच निघालो.